वरचा एक

आमच्या कारखान्यात माझ्या वहिनीला नावानं कुणी हाक मारत नाही. मालकांपासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती ‘एकवीस बाई’. खोक्यात वीस नग भरायचे असतात, ही एकवीस भरते. एक-दोन दिवस नाही, अठरा वर्षं. मी तिची नणंद. तिच्या शेजारी, त्याच टेबलावर मी पंधरा वर्षं खोकी भरली आणि पंधराही वर्षं तिच्या या खोडीला नावं ठेवली. मी तोंडाची फटकळच आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लहानपणापासून मला ‘ठिणगी’ म्हणायचा. लग्न होऊन आल्यावर वहिनीनंही तेच उचललं.

आम्ही बनवतो ते रेग्युलेटर. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडावर बसवतात ते. पितळेचं अंग, वर काटा असलेली गोल तबकडी, बाजूला नळी लावायची जागा. वजन एक किलो शंभर ग्रॅम. दिसायला काही विशेष नाही, पण ते नसेल तर भरलेल्या आणि रिकाम्या सिलिंडरमध्ये काडीचा फरक नाही. ऑक्सिजन आत कोंडलेला आणि माणूस बाहेर तडफडतोय, अशी गत होते.

वहिनीच्या खोडीमागे एक पत्र आहे. ती नवीन लागली होती तेव्हा तिच्या हातून एक खोकं एकोणीसचं गेलं. लांबच्या कुठल्याशा लहान दवाखान्यातून दोन ओळी आल्या. वीस मागवले होते, एकोणीस आले. एक कमी आहे. बस, इतकंच. ना शिवी, ना तक्रार. कारखान्यानं लगेच दुसरा नग पाठवला, तो पोचायला नऊ दिवस लागले. वहिनीनं ते पत्र मालकांकडून मागून घेतलं आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

"त्या नऊ दिवसांत काय झालं असेल गं?" तिनं मला एकदा विचारलं होतं.

"काय व्हायचंय? एकोणिसांत भागवलं असेल."

"भागवलं म्हणजे कुणाला तरी थांबवलंच ना," ती म्हणाली आणि पुढचं खोकं ओढलं.

तर त्या पत्रानंतर हिचं सुरू झालं. वीस नग रांगेत उभे, त्यांच्यावर कागदाचा थर, आणि थरावर आडवा एकविसावा. त्याला आम्ही ‘वरचा’ म्हणायचो. मालकांनी आधी कपाळाला हात लावला. "बाई, तुमच्या वेडापायी खोक्यामागे माझा एक नग जातो!" वहिनी म्हणाली, "मग मला भरायला ठेवू नका, झाडायला ठेवा." मालक हसले आणि विषय सोडला. पुढं टेबलावरच्या प्रत्येक खोक्यात वरचा तीच घालू लागली आणि ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं की खोक्याचं वजनही तेच धरलं जाऊ लागलं. कागदावर नग वीस, वजन साडेचोवीस किलो. बाकीच्या बायका तर खोकं काट्यावर न चढवताच साडेचोवीस लिहून मोकळ्या व्हायच्या. मीही त्यातलीच. प्रत्येक खोकं खरोखर तोलणारी एकटी वहिनी.

मग साथ आली. समुद्रापलीकडच्या एका देशात ती आमच्या आधी पोचली होती. तिथून दोन हजार चारशे रेग्युलेटरची मागणी आली, मालकांनी शब्द दिला, सरकारी परवानगी आली, आम्ही दिवसाचे बारा-बारा तास भरायला बसलो. एकशेवीस खोकी. ती भरत आली आणि साथ आमच्या दारात. तोवर पितळेचे सुटे भाग यायचे बंद झाले होते. म्हणजे आमच्याच इस्पितळानं रेग्युलेटर मागितले तेव्हा कारखान्यात ते नव्हतेच. होते ते खोक्यांत, दुसऱ्या देशाचा पत्ता चिकटवून.

"घरात नाही दाणा अन् मला श्रीमंत म्हणा!" मी भर टेबलावर बोलले. "आपली माणसं मरताहेत आणि आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय."

"तबकड्या त्यांच्याकडूनच येतात," वहिनी म्हणाली. "गेल्या साली आपल्याकडं नव्हत्या, तेव्हा त्यांनी स्वतःचं काम थांबवून आपल्याला दिल्या. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. पण राग आला की मला आठवणी नको असतात.

आणि मग दादाच आजारी पडला. दादा नळदुरुस्तीची कामं करायचा. "बायको हवेच्या नळ्या बघते, मी पाण्याच्या. आमच्या घरात गळती होणं शक्यच नाही," असं ज्याला त्याला सांगायचा. त्याला गुरुवारी ताप आला, रविवारी दोन पायऱ्या चढून दम लागला, सोमवारी आम्ही त्याला इस्पितळात नेलं.

आत जाऊ देत नव्हते. काचेच्या दारातून बघायचं. त्या दिवशी मी जे पाहिलं ते कुणाला बघायला मिळू नये. भिंतीला टेकून भरलेले सिलिंडर ओळीनं उभे. पण रेग्युलेटर तीन खाटांमध्ये एक. नर्सच्या गळ्यात घड्याळ अडकवलेलं. वीस मिनिटं झाली की ती दादाच्या नाकाची नळी काढायची, सिलिंडर ढकलत शेजारच्या खाटेला न्यायची, मग तिसऱ्या खाटेला, मग परत दादाकडं. म्हणजे वीस मिनिटं ऑक्सिजन आणि चाळीस मिनिटं नुसतं छताकडं बघत राहणं. ती चाळीस मिनिटं दादाची छाती कशी खालीवर होत होती! आम्हाला बघून त्यानं अंगठा वर केला. नसती शूरगिरी!

नर्स दारापाशी आली. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, तेही सुजलेले. "सिलिंडर आहेत हो," ती म्हणाली. "वरचं यंत्र नाही. तुम्हीच बनवता ना ते?"

माझी तर मान खालीच गेली. वहिनी म्हणाली, "हो. आम्हीच बनवतो."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, वहिनी सगळे वरचे घालून दुपारीच इस्पितळात गेली. शेवटची तीस खोकी बंद करायला मी एकटी राहिले. आणि तिथं मी माती खाल्ली. झाकण लावता लावता एका खोक्यातला वरचा उचलला आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. म्हटलं, कागदावर तर हा नाहीच. खोकं वीसचं, वीस आहेत. कुणाचं काय गेलं? खोक्यावर नेहमीसारखं साडेचोवीस लिहिलं, चिकटपट्टी मारली, पुढचं ओढलं. कुठलं खोकं तेही ध्यानात ठेवलं नाही.

सुटीच्या वेळी फाटकापाशी बघते तर पिशव्या तपासताहेत! एरवी कधी नाही, नेमकं त्याच दिवशी. "डबा विसरले वाटतं, थांबा," असं काहीतरी पुटपुटले आणि तशीच मागे फिरले. पिशवी माझ्या कपाटात कोंबली, कुलूप लावलं आणि हात हलवत घरी गेले. बायकांच्या कपाटांच्या खोलीची किल्ली सुपरवायझरकडं असते. तो ती सकाळी, जेवणाच्या सुटीत आणि संध्याकाळी, अशी तीनदाच उघडतो. म्हटलं, उद्या काहीतरी जुगाड करू.

बुधवारी सकाळी वहिनी इस्पितळातूनच आली, उशिरा. डोळे खोल गेलेले. टेबलावर बसलीच नाही. माझा हात धरला आणि मला ओढत मालकांच्या खोलीत घेऊन गेली.

"मालक," ती म्हणाली, "त्या एकशेवीस खोक्यांत प्रत्येकी एक वरचा आहे. कागदावर नाही. ते एकशेवीस मला द्या. आपल्या इस्पितळासाठी."

मालक खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या लक्षातच नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. अगं बाई, एक दिवस! एक दिवस दम धरला असता तर दादाला राजरोस मिळणार होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

मालकांनी समोरची यादी ओढली. मग म्हणाले, "बाई, खोक्यांवर साडेचोवीस लिहिलंय. वरचा काढलात की वजन तेवीस किलो चारशे. बंदरावर खोकी काट्यावर चढवतात. एकाचं जरी जुळलं नाही तर अख्खी गाडी बाजूला उभी राहील."

"सगळी पुन्हा तोलते. खोक्यावर आणि यादीत नवं वजन लिहिते."

"चार वाजता गाडी हलते. हे जहाज चुकलं तर पुढचं बारा दिवसांनी. तिकडं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. चारच्या आत करते."

मालकांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं का बघितलं कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं. "घ्या," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. उघडलेल्या मालात एक जरी नग गायब निघाला, तर ती चोरी. मग चौकशी, सील, पोलीस. ना गाडी जाईल, ना तुमचे वरचे. माझ्या हातात काही उरणार नाही."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

गोदामात आम्ही पाच जणी. दोघी पट्टी कापून वरचा काढणार, दोघी पुन्हा चिकटवणार, वहिनी काट्यावर. जुनं वजन खोडून नवं लिहायचं, शेजारी सुपरवायझर यादीत लिहिणार. काटा एकच. मी मनातल्या मनात हिशेब केला, खोक्याला जेमतेम अडीच मिनिटं मिळत होती. वहिनी म्हणाली, "बोलायचं नाही. नुसते हात चालवा."

मी कापायचं काम मागून घेतलं आणि माझ्या तीस खोक्यांच्या थप्पीकडं धावले. बेत साधा होता. ते खोकं माझ्याच हाती लागलं, की कुणाला कळायच्या आत पुढं ढकलायचं, आणि जेवणाच्या सुटीत कपाटातला नग आणून ढिगात टाकायचा. सुंठीवाचून खोकला जाईल.

"ए, तिकडं नाही," सुपरवायझर ओरडला. "दारापासून सुरुवात. क्रमानं." माझी थप्पी सगळ्यात मागे होती.

बारा वाजले. तीस खोकी झाली होती. माझ्या बोटांना कागदानं चिरे पडले. वरच्यांचा ढीग निळ्या ताडपत्रीवर वाढत होता आणि तो बघून बाकीच्या बायकांना हुरूप येत होता. मला मात्र प्रत्येक खोक्यागणिक घाम फुटत होता. साडेबाराला मी बिळाच्या आशेनं उंदीर बघतो तशी घड्याळाकडं बघायला लागले. एकला सुटी, एकला किल्ली.

एक वाजायला पाच मिनिटं असताना सुपरवायझरनं जाहीर केलं, "आज जेवणाची सुटी नाही. चहा इथंच येईल."

दुष्काळात तेरावा महिना! मी म्हटलं, "मला पिशवी हवीय. गोळी घ्यायचीय. डोकं दुखतंय."

"गोळी ऑफिसात आहे, मागवतो."

ती गोळी मला सगळ्यांसमोर गिळावी लागली. न दुखणाऱ्या डोक्यासाठी.

वहिनीनं एकदाच माझ्याकडं बघितलं. "घाबरू नकोस गं ठिणगे," ती म्हणाली, "होईल वेळेत. संध्याकाळी ह्यांच्या नाकाला स्वतंत्र नळी असेल." मला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण शेजारी सुपरवायझर वही घेऊन उभा, आणि धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पंधरा वर्षं मी ज्या तोंडाची बढाई मारली ते तोंड नेमकं त्या दिवशी बंद राहिलं.

तीन वाजले. नव्वद झाली. गाडी दाराला येऊन लागली, इंजिन सुरूच. आता माझी थप्पी. एक उघडलं, वरचा होता. दुसरं, होता. तिसरं, होता. माझ्या शेजारी कापणारी बाई, जिला आम्ही ‘लांबहात’ म्हणतो, ती माझ्यापेक्षा भराभर कापत होती. मी वेग वाढवला तर तिनंही वाढवला. बरोबरीनं चाललोय असं समजून ती माझ्याकडं बघून हसलीसुद्धा.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी लांबहात म्हणाली, "अगंबाई! यात वरचा नाहीये."

सगळ्यांचे हात थांबले.

"थांबा," सुपरवायझर म्हणाला. "कुणी हात लावू नका."

वहिनी काटा सोडून आली. खोक्यात वाकून बघितलं, कागदाचा थर उचलला, बोटानं रांग मोजली. "खाली वीस आहेत," ती म्हणाली. "वरचा घालायचा राहिला असेल. माझ्या हातून."

"तुमच्या हातून?" सुपरवायझर हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अठरा वर्षांत राहिला नाही तो नेमका यातच राहिला? आणि मग वजन साडेचोवीस कसं लिहिलंय? तुम्ही तर तोलल्याशिवाय लिहीत नाही." त्यानं खोकं फिरवलं. "आणि हे अक्षर तुमचं नाही."

मी काढलेल्या चारच्या आकड्याचं पोट उघडं असतं. शाळेपासूनची खोड. टेबलावरच्या सगळ्या बायकांना ते अक्षर पाठ. लांबहातनं मान खाली घातली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. तिचा चेहरा असा उतरला की मालकांनी, पोलिसांनी काहीही केलेलं परवडलं असतं.

"माझ्या डब्याच्या पिशवीत आहे," मी म्हणाले. "कपाटात. काल घेतला. दादासाठी घेतला. फाटकाबाहेर नेला नाही."

सुपरवायझरनं फोन उचलला. मालक धावत खाली आले. कपाटाची खोली उघडली, माझी पिशवी आणली, आणि सगळ्यांसमोर डब्याशेजारून तो रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, पण ती सरकून आत घेत नाही, तिथंच उभं राहावं लागतं.

"साहेब, नियमानं गाडी थांबवायला लागेल," सुपरवायझर म्हणाला.

तीन पंचेचाळीस. तेरा खोकी राहिली होती. मागे ताडपत्रीवर शंभरावर रेग्युलेटर पडलेले, पुढं भरलेली गाडी, मध्ये मी. इस्पितळात दादाची पाळी संपली असेल की सुरू झाली असेल, एवढंच माझ्या डोक्यात.

मालकांनी वहिनीला विचारलं, "खोक्यात किती आहेत?"

"वीस."

"कागदावर किती?"

"वीस."

"मग खोकं कमी कुठंय?" ते सुपरवायझरकडं वळले. "आणि हा नग फाटकाबाहेर गेला का? नाही. कारखान्याची वस्तू कारखान्यात आहे. भरा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खाल्ल्या घरचे वासे मोजले होते मी.

आणि मग सगळ्या जणी तुटून पडल्या. मीही. काढून टाकलेल्या बाईचे हात अजून पंधरा मिनिटं तरी कारखान्याचेच होते. सुपरवायझरनं वही काखेत मारली आणि स्वतः चिकटपट्ट्या ओढायला लागला. चारला तीन मिनिटं असताना काट्यापाशी एकच खोकं उरलं, माझं. वरचा नसलेलं.

वहिनीनं टेबलावरचा रेग्युलेटर उचलला. माझ्या पिशवीतून निघालेला. तो तिनं ॲप्रनला पुसला, खोक्यात कागदाच्या थरावर आडवा ठेवला, झाकण लावलं, पट्टी मारली आणि खोकं काट्यावर चढवलं. साडेचोवीस.

"बाई, हे काय?" मालक म्हणाले.

"यावर साडेचोवीस लिहिलेलंच आहे, मालक. खोडत बसायला वेळ नाही."

मालक काहीतरी बोलणार होते, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खोकं गाडीत गेलं. दार बंद झालं. चारचा भोंगा वाजला तेव्हा गाडी फाटकाबाहेर वळत होती.

मी वहिनीवर तुटून पडले. हो, मीच! चोर मी, आणि वर ओरडतेय मी. "अगं, एक तरी जास्त झाला असता आपल्याला! तिकडं त्यांनी खोक्याला वीसच मागितले होते. कोण लागतात ते तुझे?"

"तो इथं ठेवला असता तर कुणाच्या नाकाला लागला असता?" वहिनी म्हणाली. "नेमका तोच ह्यांना लागला असता तर? चोरलेल्या वस्तूवर मी ह्यांना श्वास घेऊ देणार नाही. एकशे एकोणीस आहेत. त्यातला कुठलाही लागू दे." मग तिचा आवाज फुटला. "तू मला सांगितलं का नाहीस गं? काल सांगितलं असतंस तर मी काय तुला मारलं असतं?"

मारलं असतं तर बरं झालं असतं.

मालकांनी स्वतःच्या गाडीत एकशे एकोणीस नग भरून इस्पितळात पोचवले. आम्ही दोघी मागे बसलो होतो, ढिगावर हात ठेवून. नर्सनं ताडपत्री बाजूला केली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली. दोन मिनिटं बसली असेल. मग उठली आणि गळ्यातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अंधार पडायच्या आत प्रत्येक सिलिंडरवर रेग्युलेटर बसला. उरलेले शेजारच्या इस्पितळांनी नेले. दादाच्या नाकाला नळी लागली ती पुन्हा कुणी काढली नाही. त्यानं काचेतून अंगठा वर केला, आणि या वेळी ती शूरगिरी नव्हती.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी दुपारी दादा गेला. सिलिंडर होता, रेग्युलेटर होता, नर्स होती. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच राहिली नव्हती. मी भिंतीवर डोकं आपटत होते. आधीच्या दोन दिवसांतल्या त्या चाळीस-चाळीस मिनिटांत काय काय गेलं असेल, हा हिशेब मी अजून करते. वहिनी करत नाही. निदान बोलून दाखवत नाही. त्याच्याबरोबरच्या दोन खाटांवरचे दोघंही चालत घरी गेले. त्यातला एक नंतर आमच्याकडं आला होता, दारातला गळका नळ त्यानं न सांगता बसवून दिला. तो गेल्यावर वहिनी पहिल्यांदा रडली.

कारखान्यानं मला परत बोलावलेलं नाही. बोलावलं तरी जाणार नाही, असं मी म्हणते खरी. मी घरीच शिवणकाम करते. वहिनी तेराव्या दिवसानंतर कामावर गेली. भाग परत यायला लागलेत. ती एकवीसच भरते.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्या मशीनवर ठेवला. तिकडून पत्र आलं होतं. ऑफिसातल्या कारकुनानं खाली आपल्या भाषेत लिहून दिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

‘दोन हजार चारशे मागवले होते, दोन हजार चारशे एक आले. शेवटच्या खोक्यात एक जास्त आहे. चुकून आला असावा. तुमच्याकडेही साथ आहे असं ऐकलं, म्हणून तो वापरला नाही, बाजूला ठेवला आहे. परत पाठवू का?’

माझं डोकंच फिरलं. "परत पाठवू का म्हणे! दोन महिने नुसता ठेवला? काय माणसं आहेत का कोण आहेत! आता परत पाठवून काय करायचं आपण त्याचं?" असं ओरडता ओरडताच मला रडू फुटलं. कारण आमच्याकडं साथ आहे म्हणून तिकडं कुणीतरी एक रेग्युलेटर आमच्या नावानं बाजूला काढून ठेवला होता, आणि मी मात्र ती माणसं कोण लागतात म्हणून विचारलं होतं.

वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माझं रडणं थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "उत्तर लिहायचंय. तू लिही."

"मी? मी काढून टाकलेली बाई."

"खोकं तुझं होतं. अक्षरही तुझंच हवं."

मी डोळे पुसले, मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि पेन घेतलं. "सांग."

"लिही," वहिनी म्हणाली. "चुकून आलेला नाही. आजच्या आज वापरायला काढा."